साडेसतरा किलो आणि एक डोंगर

मी सात नंबर बोलतेय. सायकल आहे मी. डोंगर चढणारी, डोंगरावरून उड्या मारत उतरणारी, पाय थकले की विजेची थोडी मदत देणारी सायकल. वजन साडेसतरा किलो. पुढच्या शॉकअपला दबायला जवळजवळ वीतभर जागा, मागच्याला त्याहून बोटभर कमी. ऐकायचं असेल तर ऐका, पण मध्येच ‘आमच्या वेळी’ म्हणून सुरुवात करू नका. ते वाक्य जन्मापासून इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या साखळीच्या प्रत्येक कडीला ते पाठ झालंय.

माझा जन्म संभाजीनगरजवळ, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. त्या शेडमध्ये पस्तीस वर्षं दूधवाल्यांच्या सायकली होत होत्या. जाड नळ्यांच्या, रुंद कॅरिअरच्या, दोन्ही बाजूंना कॅन लटकवले तरी न झुकणाऱ्या. मग मालकांच्या, म्हणजे विश्वजीत सरांच्या मनात आलं, की आता डोंगरात चालणारी विजेची सायकल काढायची. मनात येणं सोपं असतं. ती कशी काढायची यावरून शेडमध्ये दोन पक्ष पडले.

एका पक्षात पुंजाराम काका. मूळचे पाचोडचे, शेडचे सगळ्यात जुने फोरमन. वेल्डिंगचा हात असा, की सांधा शोधून सापडायचा नाही. त्यांचा एकच धर्म होता, वजन म्हणजे मजबुती. माझ्याआधी सहा नमुने झाले. चाचणीत जिथं काही वाकलं, तिथं काकांनी एक पट्टी जोडली. पुन्हा वाकलं, पुन्हा पट्टी. असं करत करत सहा नंबर अठ्ठावीस किलोंची झाली. मोटार मोठी, बॅटरी मोठी, ब्रेक मोपेडसारखे डब्यातले. तिला शेडमधून बाहेर काढायला दोन माणसं लागायची. काका अभिमानानं म्हणायचे, “हत्ती हाय हत्ती!”

दुसऱ्या पक्षात राजनंदिनी. वय सव्वीस, इथल्याच कॉलेजातून मेकॅनिकल. तिचं काम सायकलींची चाचणी घेण्याचं आणि अहवाल लिहिण्याचं. कुठलीही वस्तू हातात घेतली की ती आधी वस्तू कशी मोडेल याचा विचार करते. सहा नंबर बघून ती म्हणाली होती, “काका, हत्ती डोंगर चढतो, पण हत्तीला उचलून पलीकडं ठेवायची वेळ आली तर?”

“उचलायची कामून? सायकल बसायला असती.”

“दगडात सायकल निम्मा वेळ खांद्यावर असते काका. तुम्ही डोंगरात कधी चालवलीय?”

“आमच्या वेळी डोंगर नव्हते का?”

झालं. त्या दिवसापासून दोघांचं वाजलं ते वाजलंच.

राजनंदिनीनं सहा महिने सरांचं डोकं खाल्लं आणि माझ्यासाठी परवानगी मिळवली. माझा सांगाडा कार्बनच्या धाग्यांचा, काळा, पोकळ, बाहेरून मागवलेला. मोटार लहान, बॅटरी लहान. त्या दोन्हींचं काम आमरीनकडं. आमरीन शहरातल्या बुढीलेनची, बोलायला लागली की थांबत नाही आणि वायरिंग करायला लागली की बोलत नाही. तिनं मला पहिल्यांदा चालवलं, शेडला एक फेरी मारली आणि म्हणाली, “राजी, ये धकेलती नै, साथ देती. समझी? वो सहा नंबर पीछे से धक्का देती, ये बराबर में चलती.”

माझ्याबद्दल कुणी काढलेले ते पहिले चांगले शब्द. मी हवेत होते.

मग पुंजाराम काका आले. त्यांनी वाकून माझ्या सांगाड्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, मडकं घेताना करतात तसं. कान लावून ऐकलं. पुन्हा टकटक केलं.

“वाजत नाय,” ते म्हणाले. “लोखंड कसं टण्ण वाजलं पाहिजे. ही तर भोपळ्यावानी बोलायली.”

भोपळा! मला तेव्हा बोलता आलं असतं ना, तर मी काय बोलले असते ते इथं छापता यायचं नाही.

त्यानंतरचे आठ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात धुंद महिने. राजनंदिनी रोज पहाटे मला घेऊन निघायची. ती शहराच्या छावणी भागात तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. मला खांद्यावर घेऊन उतरायची आणि संध्याकाळी खांद्यावरच वर न्यायची. गोगाबाबा टेकडी, सारोळ्याची चढण, म्हैसमाळच्या बाजूच्या पायवाटा. आपल्याकडचा डोंगर म्हणजे काळा दगड, सुटा, धारदार. पावसाळ्यात शेवाळाचा, उन्हाळ्यात तव्यासारखा. त्यावर ती मला आपटायची, घासायची, पाडायची आणि घरी आल्यावर वहीत लिहायची. कुठल्या चढाला बॅटरी किती गेली, मागचं चाक कुठं सटकलं, कुठल्या दगडावर शॉकअप तळाला टेकला. माझं कौतुक तिनं वहीत कधीच केलं नाही. फक्त खोड्या लिहिल्या. मला राग यायचा, पण तोच तिचा जीव लावण्याचा प्रकार होता.

वाटेत माणसं भेटायची. माणसांची एक गंमत मी नीट टिपून ठेवलीय. मला बघितलं की प्रत्येक जण आधी माझं टायर दाबतो. डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून दाबतो. मग एक पायडल उलटं फिरवतो. मग विचारतो, “केवढ्याला पडती? किती चालती?” आणि शेवटी, सगळीकडं शोधून, “कॅरिअर कुठंय?” शिवाय राजनंदिनीला वेगळा प्रश्न, तो फक्त वयानं मोठ्या लोकांकडून. “घरचे काही म्हणत नाहीत का?” त्यावर ती म्हणायची, “म्हणतात की. ब्रेक तपासून जा म्हणतात.” आणि आम्ही पसार.

ब्रेक. हा शब्द लक्षात असू द्या.

ऑक्टोबर उजाडला आणि विश्वजीत सरांनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. “आता पुरे झाली भांडणं,” ते म्हणाले. “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कन्नडकडच्या डोंगरावर जाऊ. सहा नंबर आणि सात नंबर, दोन्ही एकाच वाटेनं चढवायच्या, एकाच वाटेनं उतरवायच्या. चालवणार राजनंदिनी, अहवाल राजनंदिनीचा. जी पास होईल तिच्या सांगाड्याच्या साच्याची ऑर्डर सोमवारी जाईल. जी राहील ती खोलायची, सुटे भाग कपाटात.”

सुटे भाग कपाटात. हे माझ्यासमोर बोलले ते! मी भिंतीला टेकून उभी होते. माणसं यंत्रासमोर काहीही बोलतात.

मग आली खंडेनवमी.

आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेडमधली सगळी यंत्रं बंद झाली. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा सेट, पाने, पकडी, सगळं पुसून मांडलं. झेंडूच्या माळा आल्या. विश्वजीत सरांचे वडील आले आणि त्यांनी भाषण सुरू केलं. “आम्ही जेव्हा हा कारखाना काढला…” राजनंदिनीनं तिसऱ्या मिनिटाला घड्याळ बघितलं, पाचव्या मिनिटाला पिशवी उचलली. आमरीनच्या कानात म्हणाली, “मी निघते. हे ‘आमच्या वेळी’ संपेपर्यंत दसरा उलटून जाईल.” आणि गेली.

ती थांबली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

भाषण संपलं, पेढे वाटून झाले, माणसं पांगली. आणि पुंजाराम काका तेलाचं फडकं घेऊन बसले. तीस वर्षं हे काम त्यांचंच. कुणाला करू द्यायचे नाहीत. एकेक पाना, एकेक यंत्र ते तेलाच्या हातानं चोळत गेले. सहा नंबरचं झालं. मग माझ्यासमोर आले. 

“तुझ्यावर आपला इश्वास नाय,” ते मला म्हणाले. खरंच, मला म्हणाले. “पण सणाच्या दिवशी तुला कोरडी ठिवली तर माझ्या मनाला बरं वाटायचं नाय.”

आणि त्यांनी मला चोळायला सुरुवात केली. काय हात होता तो! खरखरीत, उबदार, सावकाश. साखळी चोळली, पायडलं चोळली, हँडलखालचे बोल्ट चोळले. आठ महिने आपटून घेतलेल्या माझ्या अंगाला असा हात कधी लागला नव्हता. मी डोळे मिटले असते, असते तर.

मग तो हात चाकापाशी आला. तिथं माझी डिस्क असते, ब्रेकची, पातळ, भोकाभोकांची, चांदीच्या ताटलीसारखी चकचकीत. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडून घट्ट धरतात, आणि त्या धरण्यावर चालवणाऱ्याचा जीव असतो. तिला तेलाचा थेंब चालत नाही. एकही नाही.

“आँ? ही उघडीच?” काका म्हणाले. “गंजंल की.” आणि त्यांनी ती ताटली दोन्ही बाजूंनी मन लावून चोळली. पुढची. मग मागची. वर हळदीचं बोट.

मी ओरडत होते. पण मला आवाज एकच, ब्रेक दाबल्यावर येणारा. आणि दाबायला तिथं कुणीच नव्हतं.

दसऱ्याला शेड बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमरीननं बॅटऱ्या बघितल्या आणि आम्हा दोघींना टेम्पोत चढवलं. मी कसं सांगणार तिला? रस्ताभर मी दोरीला हिसके देत होते. सहा नंबर आपली ढिम्म.

कन्नडच्या अलीकडं रस्ता सोडून एका डोंगराच्या पायथ्याशी थांबलो. मका काढून झालेला, गवत पिवळं पडायला लागलेलं. वर माथ्यापर्यंत एक गुरवाट, मध्ये मध्ये नुसते दगड.

आधी सहा नंबर. निम्म्या चढापर्यंत गेली, आणि दगडांच्या टप्प्यात मोटार तापून बंद पडली. अठ्ठावीस किलो राजनंदिनीला एकटीला ढकलेनात, तेव्हा पुंजाराम काका खालून धावत वर गेले आणि दोघांनी मिळून हत्ती माथ्यावर चढवला. काकांचा श्वास खालपर्यंत ऐकू येत होता. उतरताना मात्र सहा नंबर सरळ आली. हळू, आदळत, पण आली. डब्यातल्या ब्रेकला काही झालं नव्हतं. तेल तिथं पोचतच नाही. अकरा मिनिटं लागली. राजनंदिनीनं हात झटकले. कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या.

मग मी!

अहो, तो चढ! मी कशी वर गेले ते ऐका. जिथं सहा नंबर बंद पडली तिथं राजनंदिनी पायडलावर उभी राहिली, मोटारीनं हळूच हात दिला, आणि मी एका दगडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, शेळीसारखी. दोनदा वाट तुटली, दोन्हीदा तिनं मला खांद्यावर टाकून चार ढांगांत पलीकडं नेलं. वर पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक होती. माथ्यावर सर आणि काका आधीच येऊन उभे होते. आमरीन खाली, घड्याळ घेऊन.

राजनंदिनीनं मला वळवलं. ब्रेकला जरा बोट लावलं. मी होता नव्हता तेवढा जीव काढून किंचाळले, चीं!

“आवाज कसला गं?” काका म्हणाले. “थांब पोरी, दोनदा चांगला दाबून बघ आधी.”

“धूळ आहे काका.”

“धुळीचा आवाज असा नसतो. मी तीस वर्षं…”

“काका, तुमची तीस वर्षं खाली उतरल्यावर ऐकते!”

आणि आम्ही सुटलो.

पहिले पन्नास हात उतार मंद होता. मग वाट एकदम खाली कोसळली. तिनं ब्रेक दाबले. काहीच नाही. ब्रेकचे लिव्हर घट्ट दाबलेले, बोटं पांढरी, आणि माझी चाकं मोकाट. पॅड डिस्कला धरत होते आणि सुटत होते, साबण लावलेल्या हातातून ताट सुटावं तसे.

“ए! ए ए ए!” राजनंदिनी म्हणाली. एवढंच म्हणाली. पण तिनं हँडल सोडलं नाही आणि डोळे वाटेवरून काढले नाहीत. वजन मागं टाकलं, गुडघे सैल केले, आणि मला माझं काम करू दिलं. दगड, माझा पुढचा शॉकअप आत. खड्डा, बाहेर. दगड, आत. आयुष्यात एवढ्या वेगानं मी कधी गेले नव्हते. भीती वाटत होती? वाटत होती. आणि खरं सांगू? मजाही येत होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वळणावर खालून एक आवाज आला. “अगं ए भवाने! माझी शेरडं हायत खाली!”

सारजाबाई. तिथल्याच वस्तीवरच्या, साठीच्या. दहा-बारा शेळ्या वाटभर पसरलेल्या.

“सरका मावशी! ब्रेक नाय!”

“ब्रेक नाय तर बसलीस कामून?”

उत्तर द्यायला वेळ नव्हता. उजवीकडं दगड, समोर शेळ्या, डावीकडं बांध आणि छातीएवढं खाली नांगरलेलं वावर. राजनंदिनीनं मला डावीकडं वळवलं. आम्ही बांधावरून हवेत गेलो.

हवेत माणूस काय विचार करतं मला माहीत नाही. मी एवढाच केला, की आता ही वीतभर जागा पुरली पाहिजे. पुरली! पुढचं चाक टेकलं, शॉकअप तळापर्यंत गेला, मागचा गेला, सांगाडा करकरला, पण तुटला नाही. ढेकळांत चाकं रुतली, पाच-सहा हात फरफटलो आणि आडव्या पडलो. राजनंदिनीचा गुडघा खरचटला. बाकी काही नाही. एक शेळी ‘बें’ म्हणाली.

सारजाबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. “नवऱ्याशी भांडून निघालीस का गं?”

“नवराच नाय मावशी.”

“मग कशापायी जीव द्यायलीस?”

तोवर वरून सर आणि काका, खालून आमरीन, सगळे धापा टाकत आले. सर पांढरेफटक पडले होते. ती उठून उभी राहिलेली बघितली आणि त्यांची भीती रागात बदलली. “ब्रेकच लागत नाही? मग विषय संपला. कितीही हलकी असू दे. सहा नंबर घ्यायची. ही आजच खोला.”

राजनंदिनी खाली वाकली. ती माझ्याजवळ बसली. चाक उचलून फिरवलं. डिस्कवर बोट ठेवलं, नाकाशी नेलं. मग ते बोट वर धरलं. तेलकट, आणि पिवळं.

“हळद,” ती म्हणाली. “तेल आणि हळद.”

 पुंजाराम काकांनी डोक्यावरची टोपी काढली. “मीच लावलं,” ते म्हणाले.

“काका!” ती एवढ्या जोरात ओरडली की शेळ्या पुन्हा पांगल्या. “ब्रेकला तेल? ब्रेकला? कुणी सांगितलं होतं?”

“सांगायचं काय त्याच्यात? खंडेनवमीला लावतेतच. तीस वर्षं लावायलो. माझ्या लुनाला लावतो, पंपाला लावतो, कडबा कुट्टीला लावतो. तुझ्या सायकलीचा ब्रेक असा उघड्यावर ताटलीवानी ठिवलेला असंल, हे मला काय ठावं? मला वाटलं गंजंल.” त्यांनी टोपी हातात चुरगाळली. “मला वाटलं, गंजंल पोरी.”

आमरीन मध्ये पडली. “बस करो राजी. चाचा ने जान के थोडी किया. और तुम भी तो ऊपर रुकी नै. बोले थे ना वो, ब्रेक दबा के देखो?”

राजनंदिनीनं बोटावरची हळद पँटला पुसली.

सर चाकाशी वाकले. “म्हणजे चूक सायकलीची नाही. तेल काढा. होतंय का आज?”

होत होतं. आमरीनकडं बॅटरीचे पॉइंट पुसायचं स्पिरिट होतं. डिस्क तीनदा पुसल्या. तेल प्यायलेले पॅड फेकून नवे घातले. ते काकांनी घातले, राजनंदिनी खरचटलेला गुडघा धूत होती तोवर. नवे पॅड लगेच धरत नाहीत. थोडा वेग घ्यायचा, दाबायचं, पुन्हा वेग, पुन्हा दाबायचं, असं घासून त्यांना डिस्कशी ओळख करून द्यावी लागते. राजनंदिनीनं पायथ्याच्या वाटेवर वीस वेळा केलं. काका मोठ्यानं मोजत होते. विसाव्याला ती थांबली, तर म्हणाले, “अजून दोन.” तिनं अजून दोन केले, वाद न घालता!

सारजाबाई शेळ्या कुंपणात कोंडून तमाशा बघायला बसल्या होत्या. काकांना म्हणाल्या, “तुमचं काय चुकलं हो? माझ्या लेकानं असली सायकल आणली तर म्या बी तेल लावीन की. सणाला वस्तू कोरडी ठिवत असतेत व्हय?”

काका कसनुसं हसले. राजनंदिनीनं मात्र वळून सारजाबाईंकडं बघितलं, बराच वेळ. तेव्हा मला त्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

आणि मग आम्ही पुन्हा वर गेलो, आणि पुन्हा उतरलो.

त्या उतरण्याबद्दल मला शब्द सापडत नाहीत, आणि शब्द न सापडणाऱ्यांतली मी नाही. ब्रेक असा, की एका बोटानं दाबावा आणि मी दगडाच्या टोकावर थबकावं. सोडावा आणि वाऱ्यासारखं सुटावं. वळणं आली तशी गेली. त्याच बांधावरून तिनं मला पुन्हा उडवलं, या वेळी मुद्दाम, आणि मी ढेकळांवर अशी टेकले की सारजाबाईंनी टाळी वाजवली. सहा मिनिटं चाळीस सेकंद!

आमरीन नाचत होती. सर हसत होते. “पास! काय प्रश्नच नाही. सोमवारी साच्याची ऑर्डर.” पुंजाराम काकांनी माझ्या सीटवर थाप मारली. मी जिंकले होते. कपाट गेलं, सुटे भाग गेले, मी जिंकले होते!

राजनंदिनी बांधावर बसली. अहवालाचा कागद मांडीवर घेतला आणि लिहायला लागली. चढ उत्तम. वजन उत्तम. शॉकअप उत्तम. बॅटरी समाधानकारक. आणि शेवटच्या रकान्यात तिनं लिहिलं, नापास.

“काय?” सर म्हणाले.

“पागल हो गई क्या?” आमरीन म्हणाली.

“अगं, पास झाली की ती!” हे पुंजाराम काका. मला भोपळा म्हणणारे काका!

“सर, ही विकणार कुठं आपण?” राजनंदिनी म्हणाली. “इथंच ना? संभाजीनगर, कन्नड, पाचोड, जालना. यातल्या कुठल्या घरी खंडेनवमी नसते? मावशी म्हणाल्या ते ऐकलंत तुम्ही? प्रत्येक घरात एक काका आहेत. प्रेमानं तेल लावतील. दुसऱ्या दिवशी लेकरू ती घेऊन उतारावर जाईल, आणि प्रत्येक उताराच्या डावीकडं नांगरलेलं वावर नसतं.”

“मग डिस्कला झाकण लावू. नंतर बघू ते.”

“झाकण बसवायला सांगाड्याला बोल्ट घेणारे कान पाहिजेत, ते हिला नाहीत. म्हणजे साचाच बदलायचा. मी आज पास लिहिलं की सोमवारी हाच साचा पडेल, आणि ‘नंतर बघू’ कधी येतं ते मला माहितीय. मी या शेडमध्ये तीन वर्षं ‘नंतर बघू’ ऐकतेय.”

“चार महिने जातील!” सर चिडले. “चार महिने मी काय करू? त्यापेक्षा सहा नंबर काढतो. ती तर पास आहे ना?”

तेव्हा पुंजाराम काका पुढं झाले. “सहा नंबर नको साहेब. सकाळी मी ढकललीय तिला. माझ्या छातीत अजून धडधड हाय. पैसे देऊन लोकांनी ढकलायची, असली सायकल माझ्या नावानं बाहेर जायची नाय. पोरगी म्हणती ते करा. चार महिने तर चार महिने.”

सर एकदा यांच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. शेवटी त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवली. “आठ नंबर,” ते म्हणाले. “आणि पाचवा महिना लागला तर दोघांनाही बघून घेईन.”

टेम्पोत चढवताना मला राग आवरत नव्हता. आठ महिने जिनं मला खांद्यावर वाहिलं, तिनंच मला नापास करावं? ती माझ्या शेजारी हौद्यात बसली होती, हात माझ्या हँडलवर. गावं मागं पडत गेली.  तिनं हात काढला नाही, थेट चिकलठाण्यापर्यंत. दौलताबादच्या आसपास कुठंतरी माझा राग गेला. लाडानं पास होणाऱ्या सायकली पुष्कळ असतील. माझ्या माणसानं मला खरं सांगितलं, आणि ज्यांना ती ओळखतही नाही अशा लेकरांसाठी सांगितलं.

आज मला खोलायला घेतलंय. मोटार निघाली, बॅटरी निघाली. दोन्ही आठ नंबरला बसणार. शॉकअपही तिलाच. सांगाडा चाचणीच्या टेबलावर जाईल, तिथं तो मोडेपर्यंत दाबून बघणार आहेत. मला चालेल. बघू तरी किती दम लागतो त्यांना!

शेडच्या त्या टोकाला काकांनी डिस्कच्या झाकणाचा पहिला नमुना केलाय, स्टीलचा, चकाचक. आमरीननं काट्यावर ठेवला. एकशे दहा ग्रॅम.

“जड आहे,” राजनंदिनी म्हणाली. “पुन्हा करा.”

“एकशे धा ग्रॅम जड? एवढं तर माझं पान-तंबाखूचं पुडकं असतंय!”

“मग ते लावा. हे नको. साठच्या आत आणा.”

“साठात कागूद येतो पोरी, झाकण नाय!”

“काका, आवाज कमी करा आणि पत्रा पातळ करा.”

“तू आधी दम धर!”

भांडण जोरात आहे. म्हणजे आठ नंबर फक्कड होणार. तुम्ही तिला कुठल्याशा डोंगरावर बघाल तेव्हा तिचं टायर दाबत बसू नका. वाटेतून बाजूला व्हा, आणि जाऊ द्या तिला.

चला, पुढचं चाकही निघालं. मी नापास झाले, मान्य आहे. पण काय उतरले होते हो मी त्या डोंगरावरून!